एक क्लब, दोन टीम: लिस्बनच्या बेलेनेन्सेसचं नेमकं काय झालं

२०१८-१९ च्या सीझनमध्ये पोर्तुगालच्या लिस्बन शहरात बेलेनेन्सेस नावाच्या दोन फुटबॉल टीम होत्या. एक देशाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये बेनफिका, पोर्तो, स्पोर्टिंग या तीन मोठ्या क्लबांशी खेळत होती, आणि दुसरी लिस्बन जिल्ह्याच्या लीगमध्ये, वरून मोजलं तर सहाव्या पायरीवर, जिथे खेळाडू दिवसभर नोकरी करून संध्याकाळी प्रॅक्टिसला येतात अशा टीमशी. दोन्हीकडचे लोक म्हणत होते की खरे बेलेनेन्सेस आम्हीच. आणि जुने फॅन्स कुठे गेले विचाराल तर बहुतेक सगळे सहाव्या पायरीवरच्या टीमकडे गेले.

हे असं कसं होऊ शकतं, एका क्लबचे दोन तुकडे होतातच कसे, हे मला खूप दिवस नीट कळत नव्हतं कारण त्यात कायदा आहे, शेअर्स आहेत, कोर्टकचेरी आहे आणि शंभर वर्षांचा इतिहासही आहे. पण एकदा क्रमाने बघितलं की सगळं समजतं, आणि आजकाल जगभर क्लब विकले-विकत घेतले जातायत तेव्हा ही गोष्ट माहीत असायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात १९१९ पासून करू. लिस्बनच्या पश्चिमेला टेगस नदीच्या काठावर बेलेम नावाचा भाग आहे. वास्को द गामा १४९७ मध्ये भारताकडे निघाला तो इथूनच, आणि गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कचा पुतळा इथल्याच चौकात उभा आहे, त्या चौकाला नावही त्याचंच. क्लबवाले पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत की क्लबची कल्पना याच चौकातल्या बागेत, एका बाकावर बसून निघाली. अर्तुर जोझे परेरा हा त्या काळचा मोठा खेळाडू, आधी बेनफिकाकडून आणि मग स्पोर्टिंगकडून खेळलेला, पण राहणारा बेलेमचा. त्याचं आणि त्याच्या दोस्तांचं म्हणणं असं की आमच्या भागातली चांगली पोरं दुसऱ्यांच्या क्लबात जाऊन खेळतात तर आमचा स्वतःचा क्लब का नको. २३ सप्टेंबर १९१९ ला क्लब स्थापन झाला. शर्ट निळा, आणि बोधचिन्हावर लाल क्रॉस, जो पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर असायचा तोच. गोव्याला आणि आपल्या कोकण किनाऱ्याला त्या क्रॉसची आठवण वेगळी आहे हे खरंच, पण बेलेमच्या पोरांसाठी ती त्यांच्या गल्लीची खूण होती.

आता 'छोटा क्लब' असं आपण आज म्हणतो, पण सुरुवातीला हा अजिबात छोटा नव्हता. लीग सुरू व्हायच्या आधी पोर्तुगालमध्ये नॉकआउट पद्धतीची राष्ट्रीय चॅम्पियनशिप असायची, ती बेलेनेन्सेसने १९२७, १९२९ आणि १९३३ अशी तीनदा जिंकली. त्या काळातला त्यांचा हिरो म्हणजे पेपे, खरं नाव जोझे मानुएल सोआरेस, गरीब घरातला मुलगा, अठराव्या वर्षी टीममध्ये आला, १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये देशाकडून खेळला, आणि ऑक्टोबर १९३१ मध्ये घरच्या जेवणातून विषबाधा होऊन गेला. वय होतं फक्त २३. क्लबच्या मैदानाला त्याचं नाव दिलं, त्याचं स्मारक उभं केलं, आणि पोर्तोची टीम बेलेनेन्सेसच्या मैदानावर खेळायला आली की त्या स्मारकावर फुलं वाहायची अशी प्रथा पडली, जी पुढे अनेक दशकं चालली. पोर्तोसारख्या प्रतिस्पर्धी क्लबने हे करावं याचं मला फार अप्रूप वाटतं.

१९३८ चा एक प्रसंग तर या क्लबची ओळख सांगताना सोडूच शकत नाही. तेव्हा पोर्तुगालमध्ये सालाझारची हुकूमशाही होती, शेजारी स्पेनमध्ये यादवी युद्ध चालू होतं आणि तिथला फॅसिस्ट बाजूचा लष्करी नेता फ्रँको याच्या बाजूची स्पेनची टीम ३० जानेवारीला लिस्बनला खेळायला आली. मॅच बेलेनेन्सेसच्याच सालेझियास मैदानावर होती. मॅचआधी राष्ट्रगीताच्या वेळी सगळ्या खेळाडूंनी उजवा हात सरळ पुढे करून फॅसिस्ट सलाम करायचा होता. रांगेत उभ्या असलेल्या पोर्तुगीज खेळाडूंपैकी अर्तुर क्वारेज्माने हात खालीच ठेवला. मारियानो आमारो आणि जोझे सिमोएस यांनी हात वर केला पण मूठ आवळून. तिघंही बेलेनेन्सेसचे. नंतर गुप्त पोलिसांनी तिघांना चौकशीला उचललं. ज्या काळात असल्या गोष्टीसाठी माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात जायची त्या काळात, हजारो लोकांसमोर, स्वतःच्या घरच्या मैदानावर असं उभं राहायला काय लागत असेल याचा विचार करा.

मग १९४५-४६. लीगच्या शेवटच्या दिवशी बेलेनेन्सेसला स्पेनच्या सीमेजवळच्या एल्वास गावात जाऊन जिंकणं भागच होतं, नाहीतर बेनफिका पुढे जाणार. ते २-१ ने जिंकले आणि एका पॉइंटने लीग घेतली. पोर्तुगालच्या लीगमध्ये आजवर बेनफिका, पोर्तो, स्पोर्टिंग हे तिघं सोडून फक्त दोनच क्लब चॅम्पियन झालेत, १९४६ मध्ये बेलेनेन्सेस आणि २००१ मध्ये बोआविश्ता. इतक्या वर्षांत फक्त दोन! त्यावरून या तीन मोठ्यांची पकड किती घट्ट आहे ते कळतं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९४७ मध्ये, रेआल माद्रिदने आपलं नवीन स्टेडियम उघडलं, जे आज सँटियागो बर्नाबेऊ म्हणून ओळखलं जातं, तर उद्घाटनाच्या मॅचला पाहुणी टीम म्हणून बोलावलं बेलेनेन्सेसला. (हरले ३-१ ने, पण मान तो मान.)

पन्नाशीच्या दशकात मोझांबिकहून आलेला मातातेऊ इथे खेळला, दोनदा लीगचा टॉप स्कोअरर झाला. त्याचा भाऊ विसेंते पण इथलाच, ज्याने १९६६ च्या वर्ल्डकपमध्ये पेलेला मार्क केलं होतं, म्हणजे मॅचभर त्याच्या मागे राहून त्याला अडवलं होतं. १९५५ मध्ये दुसरं विजेतेपद अगदी हातात आलेलं, शेवटच्या मॅचमध्ये स्पोर्टिंगविरुद्ध पुढे होते, शेवटच्या काही मिनिटांत स्पोर्टिंगने बरोबरी केली आणि विजेतेपद गेलं बेनफिकाकडे. जुने फॅन्स अजूनही त्या गोलबद्दल बोलतात.

१९५६ मध्ये सालेझियास सोडावं लागलं आणि क्लब वरच्या टेकडीवर रेस्टेलो स्टेडियममध्ये आला, एका जुन्या दगडखाणीत बांधलेलं, स्टँडमधून खाली टेगस नदी दिसते, फोटो बघाल तर प्रेमात पडाल. पण जागा सुंदर असली तरी स्वतःचं स्टेडियम बांधायचा खर्च क्लबला जड गेला. टीम अधूनमधून चमकत राहिली. हेलेनियो हेरेरा, जो नंतर इंटर मिलानचा जगप्रसिद्ध कोच झाला, त्याने इथे एक सीझन काढला, १९६० मध्ये टीमने पोर्तुगीज कप जिंकला, १९७३ मध्ये लीगमध्ये दुसरे आले, प्रसिद्ध कोच जोझे मोरिन्योचे वडील इथे गोलकीपर होते. पण मोठे तिघं पुढे निघून गेले आणि १९८२ मध्ये बेलेनेन्सेस इतिहासात पहिल्यांदा खालच्या डिव्हिजनमध्ये गेला. परत आले, १९८८ मध्ये लीगमध्ये तिसरे, मग युएफा कप या युरोपभरच्या क्लबांच्या स्पर्धेत आदल्या वर्षीचा विजेता बायर लेव्हरकुसेनला दोन्ही मॅचेसमध्ये १-० ने हरवून बाहेर काढलं, १९८९ मध्ये फायनलला बेनफिकाला हरवून तिसऱ्यांदा पोर्तुगीज कप. तो आजवरचा शेवटचा मोठा कप.

इथपर्यंतचा इतिहास झाला. आता मुद्द्याकडे येऊ, म्हणजे 'क्लब' आणि 'कंपनी' हा फरक. यातच सगळी मेख आहे.

पोर्तुगालमध्ये पारंपरिक फुटबॉल क्लब म्हणजे सभासदांची संस्था. आपल्याकडच्या जुन्या जिमखान्यासारखं समजा: वर्गणी भरणारे सभासद, त्यांनी निवडून दिलेली कमिटी, वार्षिक सभा, आणि फुटबॉलसोबत हँडबॉल, रग्बी, बास्केटबॉल असे बाकीचे खेळ. कोणी एक मालक नाही. सभासदाला तिथे सोसियो म्हणतात आणि सोसियो असणं ही अभिमानाची गोष्ट असते, अनेक घरांत बाळ जन्मलं की त्याला सभासद करून टाकतात.

ही पद्धत छान, पण तिच्यात एक मोठी अडचण होती. नव्वदच्या दशकात फुटबॉलमध्ये पैसा प्रचंड वाढला, खेळाडूंचे पगार वाढले, क्लबांवर कर्जं झाली, टॅक्स थकले, आणि निवडून आलेला अध्यक्ष चार वर्षं उधळपट्टी करून निघून गेला तर जबाबदार कोण याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. म्हणून सरकारने खेळासाठी खास कंपनीचा प्रकार आणला, पोर्तुगीजमध्ये त्याचं आद्याक्षरी नाव एसएडी, म्हणजे शेअर्स असलेली खेळाची कंपनी. १९९७ च्या कायद्याने त्याची चौकट पक्की केली. क्लबला दोन रस्ते होते, एकतर अख्खा क्लबच कंपनीत बदलायचा, किंवा क्लब तसाच ठेवून फक्त व्यावसायिक फुटबॉल टीम वेगळी काढून नवीन कंपनीत टाकायची. जवळपास सगळ्यांनी दुसरा रस्ता घेतला, बेलेनेन्सेसनेही १९९९ मध्ये.

हे नीट लक्षात घ्या कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. टीम वेगळी काढली म्हणजे आता दोन कायदेशीर व्यक्ती झाल्या. एक जुना क्लब, ज्याच्याकडे सभासद आहेत, स्टेडियम आहे, नाव आणि बोधचिन्ह आहे, ज्युनियर टीम आहेत, बाकीचे खेळ आहेत. दुसरी कंपनी, जिच्याकडे व्यावसायिक खेळाडूंची कॉन्ट्रॅक्ट आहेत आणि, सगळ्यात महत्त्वाचं, लीगमधली जागा आहे. म्हणजे बेलेनेन्सेस पहिल्या डिव्हिजनमध्ये असेल तर ती जागा कागदोपत्री कंपनीची. जोवर कंपनीचे बहुसंख्य शेअर्स क्लबकडेच असतात तोवर या फरकाने कोणाला काही फरक पडत नाही. बेनफिका, पोर्तो, स्पोर्टिंगच्याही अशाच कंपन्या आहेत, पण त्यांनी बहुमत कधी हातचं जाऊ दिलं नाही. स्टँडमध्ये बसलेल्या माणसाला क्लब आणि कंपनी एकच वाटते आणि वाटलंच पाहिजे.

अडचण येते जेव्हा क्लब गरीब असतो.

आणि बेलेनेन्सेस गरीब झाला होता. २००६ मध्ये मैदानावरच्या निकालांनी रेलिगेट झाले होते, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार होते, पण दुसऱ्या क्लबवर, जिल व्हिसेंतेवर, नियमभंगासाठी कारवाई झाली म्हणून वाचले. २००७ मध्ये जॉर्जे जेझुस कोच असताना कपाच्या फायनलपर्यंत गेले, ते सोनेरी दिवस थोडेच टिकले. २००९ मध्ये पुन्हा खाली जाणार होते तर एश्त्रेला द आमादोरा या दुसऱ्या क्लबचं आर्थिक दिवाळं निघाल्याने वाचले, २०१० मध्ये मात्र वाचवायला कोणी नव्हतं. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये टीव्हीचा पैसा अगदी थोडा, कर्ज डोक्यावर.

टीव्हीच्या पैशाबद्दल इथेच सांगतो. इंग्लंडमध्ये सगळे क्लब मिळून टीव्हीचे हक्क विकतात आणि पैसा त्यातल्या त्यात बरा वाटला जातो. पोर्तुगालमध्ये वर्षानुवर्षं प्रत्येक क्लब आपापले हक्क स्वतः विकत आला, म्हणजे बेनफिकाला डोंगराएवढा पैसा आणि छोट्याला मूठभर. मग छोट्या क्लबने जगायचं कसं, तर खेळाडू विकून. ब्राझील, आफ्रिका किंवा स्वतःच्या अकादमीतून स्वस्तात पोरं आणायची, दोन सीझन खेळवायची, मोठ्या क्लबला विकायची. म्हणून बाहेरच्या गुंतवणूकदाराला पोर्तुगालचा छोटा क्लब आकर्षक वाटतो, कप जिंकायला नाही तर वरच्या लीगमधल्या त्या जागेसाठी, जिथे उभं केलेला खेळाडू अख्ख्या युरोपला दिसतो. माझ्या मते पोर्तुगीज फुटबॉलची निम्मी भांडणं इथूनच निघतात.

तर २०१२ मध्ये बेलेनेन्सेसने कंपनीचे ५१ टक्के शेअर्स कोडसिटी नावाच्या फर्मला विकले, जिचे प्रमुख होते रुई पेद्रो सोआरेस. क्लबकडे सुमारे १० टक्के राहिले. व्यवहारासोबत दोन कागद झाले. एक शेअरहोल्डरांमधला करार, ज्यात क्लबला काही विशेष अधिकार होते आणि पुढे शेअर्स परत विकत घेण्याची सोयही. दुसरा कागद कंपनी आणि क्लबमधला, म्हणजे रेस्टेलो स्टेडियम, नाव, चिन्ह कंपनीने कोणत्या अटींवर वापरायचं ते.

पहिली एक-दोन वर्षं सगळं झकास. २०१३ मध्ये टीम दुसऱ्या डिव्हिजनची चॅम्पियन होऊन वर आली, २०१५ मध्ये सहावी येऊन युरोपा लीगमध्ये पोचली, स्वित्झर्लंडच्या बासेलला त्यांच्याच घरात २-१ ने हरवलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की गुंतवणूकदार आला आणि क्लब तरला.

पण आतून संबंध बिघडत गेले. गुंतवणूकदाराचं म्हणणं क्लबने करार मोडला, म्हणून शेअरहोल्डरांचा करार रद्द. क्लबचं म्हणणं अर्थातच उलट. लवादात क्लबच्या विरोधात निकाल गेला आणि शेअर्स परत घ्यायचा रस्ता बंद झाला. कोण किती चूक यात मी पडत नाही, दोन्हीकडे वकील होते आणि दोन्हीकडे कागद होते. मला यातून एकच गोष्ट दिसते, की सगळं भवितव्य एका करारातल्या दोन-चार कलमांवर टांगलेलं होतं आणि बहुतेक सभासदांनी ती कलमं कधी वाचलीही नसतील.

३० जून २०१८ ला स्टेडियमचा करार संपला. नवीन झाला नाही. कंपनी आपली टीम घेऊन रेस्टेलोमधून बाहेर पडली आणि जवळच्याच जामोरच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये गेली, जिथे दरवर्षी कपाची फायनल होते. लीगमधली जागा कंपनीची असल्यामुळे ती तिच्यासोबतच गेली. क्लबच्या हातात उरलं रिकामं स्टेडियम, सभासद, ज्युनियर टीम आणि शंभर वर्षांची आठवण.

आता क्लबने काय करावं? मुकाट बसून आपल्याच नावाची टीम दुसरीकडे खेळताना बघणं हा एक पर्याय होता. त्यांनी तो घेतला नाही. त्यांनी सीनियर टीम नव्याने नोंदवली, आणि नव्या टीमला सुरुवात तळापासूनच करावी लागते म्हणून थेट लिस्बन जिल्ह्याच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे देशाच्या हिशोबात सहाव्या पायरीवर. एक वेळचा देशाचा चॅम्पियन, वस्तीपातळीवरच्या टीमविरुद्ध! आणि रेस्टेलोमध्ये सहाव्या पायरीच्या मॅचला काही हजार माणसं यायला लागली, आजोबा-नातू, जुने सीझन तिकीटवाले, निळे स्कार्फ घेऊन, तर तिकडे जामोरमध्ये पहिल्या डिव्हिजनच्या मॅचला ३५ हजारांहून जास्त जागांच्या स्टेडियममध्ये बहुतेक बाकं रिकामी. लीगची जागा कोणाची हे कायदा सांगतो, पण क्लब कुठे आहे हे त्या गर्दीने सांगितलं.

त्याच वर्षाच्या शेवटाकडे नाव आणि बोधचिन्हाचा निकालही आला. नाव, क्रॉस ही सगळी क्लबची नोंदवलेली मालमत्ता, ती वापरायचा अधिकार करारातून आलेला, करार संपला तर अधिकारही संपला, असा साधारण त्याचा अर्थ. कंपनीला क्रॉस काढावा लागला, दुसरं चिन्ह घ्यावं लागलं, आणि नावही हळूहळू आक्रसत शेवटी नुसतं बी-एसएडी उरलं. म्हणजे पहिल्या डिव्हिजनमध्ये एक टीम होती जिच्या नावात गावही नाही आणि वस्तीही नाही, फक्त एक अक्षर आणि कंपनीचा प्रकार.

या बी-एसएडीची एक मॅच तुम्ही कदाचित बातम्यांत बघितली असेल. २७ नोव्हेंबर २०२१, समोर बेनफिका. टीममध्ये कोविडचा उद्रेक, नुकत्याच सापडलेल्या ओमायक्रॉनचे रुग्ण, त्यामुळे खेळायला उभे राहिले फक्त नऊ जण, त्यातले दोघं गोलकीपर, म्हणजे एक गोलकीपर चक्क मैदानी खेळाडू म्हणून. पहिल्याच मिनिटाला स्वतःच्याच जाळ्यात गोल. हाफटाइमला ७-०. हाफटाइमनंतर सातच जण बाहेर आले, आणि थोड्याच वेळात त्यातला एक दुखापत होऊन खाली बसला, तोच मैदानात खेळणारा गोलकीपर. नियमाप्रमाणे सातपेक्षा कमी खेळाडूंनी मॅच चालू ठेवता येत नाही, रेफरीने तिथेच थांबवली. मॅच पुढे का ढकलली नाही यावर नंतर सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. मला त्या नऊ खेळाडूंचं फार वाईट वाटतं, त्यांचा या मालकीच्या भांडणाशी काही संबंध नव्हता, ते पगारी नोकर, त्यांना जा म्हटलं तर गेले.

त्या सीझनला बी-एसएडी शेवटची आली आणि रेलिगेट झाली. पुढच्या सीझनला दुसऱ्या लीगमधूनही खाली, तिसऱ्या पायरीवर.

आणि खालून बेलेनेन्सेस वर येत होता. २०१९ ला बढती, २०२० ला बढती, २०२१, २०२२, २०२३, पाच सीझनमध्ये पाच बढत्या. मधल्या काळात फेडरेशनने लीगा ३ नावाची नवीन पायरी घातल्यामुळे चढायच्या पायऱ्या एकने वाढल्या होत्या तरीही. २०२३ च्या उन्हाळ्यात असं झालं की कंपनीची टीम दुसऱ्या लीगमधून खाली गेली आणि क्लबची टीम त्याच दुसऱ्या लीगमध्ये वर आली, दोघं एकमेकांना जिन्यात ओलांडून गेले. पाच वर्षांपूर्वी हे कोणी सांगितलं असतं तर कोणाचा विश्वास बसला नसता.

आता काही लोक म्हणतील की मग कंपनी प्रकारच वाईट. मला तसं वाटत नाही. सभासदांच्या क्लबनेही कर्जं करून ठेवली होतीच, नाहीतर ५१ टक्के विकायची वेळच आली नसती. प्रश्न असा आहे की कंपनीपासून क्लब तुटला तर काय होतं याचा विचार कायद्याने पुरेसा केला नव्हता. मूळ क्लबला काही राखीव शेअर्स आणि त्यासोबत व्हेटोचे थोडे अधिकार कायदा देतो, उदाहरणार्थ कंपनी विलीन करायची किंवा चिन्ह बदलायचं तर क्लबचा नकार चालतो. पण रोजचा कारभार, कोच कोण, कोणता खेळाडू कितीला विकायचा, स्टेडियमचं भाडं किती, यात १० टक्केवाल्याचं कोणी ऐकत नाही.

आणि बेलेनेन्सेस हे एकटं उदाहरण नाही. उत्तरेकडच्या विला दास आवेस या छोट्या गावाच्या क्लबने २०१८ मध्ये स्पोर्टिंगला हरवून पोर्तुगीज कप जिंकला, अख्ख्या गावासाठी स्वप्न होतं ते, आणि दोनच वर्षांत त्याची कंपनी पैशांअभावी कोसळली, टीमला व्यावसायिक लीगमध्ये जागाच मिळाली नाही. मग २०२३ मध्ये लिस्बनजवळच्या विला फ्रँका द शिरा इथल्या क्लबची कंपनी आपली लीगची जागा घेऊन त्याच विला दास आवेसला राहायला गेली आणि एव्हीएस नावाने खेळू लागली. एका गावाची टीम बुडाली, दुसऱ्या गावाची टीम शेकडो किलोमीटर लांब उचलून नेली. विला फ्रँकातल्या फॅनने शनिवारी संध्याकाळी काय करायचं? आपल्याकडे पुण्याच्या फॅन्सना हा अनुभव आहे, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाली आणि इंडियन सुपर लीगमधली तिची जागा हैदराबादला गेली. फरक इतकाच की पुण्याच्या टीमखाली सभासदांचा जुना क्लब नव्हता, म्हणून कंपनी गेली तेव्हा परत उभं राहायला कोणीच उरलं नाही. बेलेममध्ये उरलं होतं.

बेलेनेन्सेससाठी गोष्ट अजून संपलेली नाही, कारण २०१३ च्या कायद्यानुसार पोर्तुगालच्या वरच्या दोन लीगमध्ये खेळायचं तर कंपनी करावीच लागते, नुसत्या क्लबला परवानगी नाही. म्हणजे २०२३ मध्ये वर आल्यावर पुन्हा तोच दरवाजा समोर. कायद्यात एक दुसरा प्रकार आहे, ज्यात कंपनीचा एकमेव मालक क्लबच असतो आणि बाहेरच्याला हिस्सा देता येत नाही. त्याने मालकी सुरक्षित राहते, पण बाहेरून भांडवलही येत नाही, आणि दुसऱ्या लीगचा खर्च तर करावाच लागतो. त्या एका सीझननंतर, २०२४ मध्ये, बेलेनेन्सेस पुन्हा लीगा ३ मध्ये घसरला. मला ते अपयश वाटत नाही, जिल्ह्याच्या लीगमधून उठून इतक्या लवकर व्यावसायिक लीगमध्ये टिकायला लागणारा पैसा त्यांच्याकडे नव्हता इतकं साधं आहे ते.

दोन बदल मात्र लक्ष ठेवण्यासारखे आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये खेळाच्या कंपन्यांसाठी नवीन कायदा आला, गुंतवणूकदार कोण आहे, पैसा कुठून आला, क्लब आणि कंपनीत काय करार आहे यावर जास्त कडक अटी घालणारा, आणि त्यावरच्या चर्चेत बेलेनेन्सेस आणि आवेसची उदाहरणं लोकांच्या डोळ्यासमोर होतीच. दुसरं म्हणजे २०२१ च्या एका कायद्याने ठरलंय की २०२८-२९ पासून टीव्हीचे हक्क सगळ्या क्लबांनी मिळूनच विकायचे. वाटणी कशी होते त्यावर बरंच अवलंबून आहे, मोठे तिघं सहजासहजी हिस्सा सोडणार नाहीत, पण छोट्या क्लबला खेळाडू किंवा शेअर्स न विकता चार पैसे मिळायची ही पहिली खरी संधी आहे. तो पैसा फक्त वरच्या दोन लीगमधल्या क्लबांना मिळणार, म्हणून रेस्टेलोवाल्यांना त्याच्या आत पुन्हा वर जायची इतकी घाई आहे.